मोठ्या इमारतीत वाट शोधणे : आभासी वास्तव किती कामाचे?

गेल्या वर्षी वडिलांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी एका मोठ्या रुग्णालयात जाण्याचा प्रसंग आला. इमारत नवी, सात मजली आणि तीन विंगांची. नोंदणी तळमजल्यावर 'ए' विंगमध्ये, तपासणी चौथ्या मजल्यावर 'सी' विंगमध्ये, आणि एका विंगेतून दुसरीत जाण्याचा पूल मात्र फक्त दुसऱ्या मजल्यावर! ही गोष्ट कोणत्याही फलकावर लिहिलेली नव्हती. चौथ्या मजल्यापर्यंत चढून गेल्यावर एका सफाई करणाऱ्या मावशींनी ती सांगितली. वडिलांनी आयुष्यभर एसटी चालवलेली. जिल्ह्यातला आडबाजूचा रस्ताही त्यांना कधी चुकला नाही. त्या दिवशी ते थकून बाकावर बसले आणि म्हणाले, "रस्त्यावर निदान मैलाचा दगड असायचा. इथे सगळ्या भिंती सारख्याच."

निघताना प्रवेशद्वारापाशी एक जाहिरात दिसली. लवकरच रुग्णांना 'आभासी वास्तवा'च्या चष्म्यातून संपूर्ण इमारतीची सफर करता येईल, म्हणजे कोणीही वाट चुकणार नाही, अशी त्यात ग्वाही होती. विमानतळ, विद्यापीठे, मॉल, भुयारी रेल्वेची स्थानके अशा ठिकाणांसाठीही अशाच घोषणा वरचेवर ऐकू येतात. घोषणा आकर्षक आहे. पण आकर्षक घोषणा तपासून पाहणे हे विज्ञानाच्या शिक्षकाचे आणि विद्यार्थ्याचे कामच आहे. या लेखात तेच करू.

डोक्यातला नकाशा

वाट सापडते म्हणजे नेमके काय होते? १९४८ साली एडवर्ड टोलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे एक कल्पना मांडली. त्याने उंदरांना एका वळणावळणाच्या वाटेने अन्नापर्यंत जायला शिकवले. मग ती वाट बंद केली आणि सूर्यकिरणांसारख्या अनेक वाटा खुल्या ठेवल्या. उंदीर जर फक्त 'इथे उजवीकडे, तिथे डावीकडे' एवढेच शिकले असते, तर ते जुन्या वाटेच्या शेजारच्याच वाटेला लागले असते. प्रत्यक्षात सर्वांत जास्त उंदरांनी निवडली ती अन्नाच्या दिशेने जाणारी वाट. म्हणजे उंदराच्या डोक्यात वळणांच्या यादीखेरीज जागेचा नकाशासारखा काहीतरी आराखडाही होता. टोलमनने त्याला 'बोधात्मक नकाशा' म्हटले. पुढे १९७१ मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी आढळल्या, की ज्या उंदीर विशिष्ट जागी असतानाच उद्दीपित होतात. २००५ मध्ये माय-ब्रिट व एडवर्ड मोझर यांनी त्याच्या शेजारच्या भागात जाळीसारखी मांडणी दाखवणाऱ्या पेशी शोधल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाच्या बाबतीत या ज्ञानाच्या तीन पातळ्या मानण्याची प्रथा आहे. पहिली खुणांची : 'औषधांचे दुकान आले की आपण जवळ आलो.' दुसरी वाटेची : 'दुकानापासून डावीकडे, मग जिना.' तिसरी आराखड्याची : 'मी आता जिथे उभा आहे तिथून मुख्य दरवाजा माझ्या पाठीमागे, थोडा उजवीकडे आहे.' नेहमीची वाट बंद असली किंवा आग लागली, तर उपयोगी पडते ती ही तिसरी पातळी.

१९८२ मध्ये थॉर्नडाइक आणि हेज-रॉथ यांनी कॅलिफोर्नियातील रँड कॉर्पोरेशनच्या इमारतीत एक प्रयोग केला. काही जणांनी इमारतीचा नुसता नकाशा पाठ केला होता. काही जण तिथे महिनोन्‌महिने नोकरी करत होते. दोन ठिकाणांमधील सरळ रेषेतले अंतर सांगण्यात नकाशावाले सरस ठरले. 'इथे उभे राहून अमुक खोलीकडे बोट दाखवा' असे म्हटल्यावर चालणारे सरस ठरले. जे दीर्घकाळ त्या इमारतीत वावरले त्यांनी नकाशावाल्यांचीही बरोबरी गाठली. आभासी वास्तवाचा दावा असा, की महिनोन्‌महिने चालण्याने मिळणारे हे ज्ञान चष्मा लावून काही मिनिटांत देता येईल. तो कितपत खरा आहे?

वळले कोण : डोळे की शरीर?

पुढील प्रयोग शिक्षकांनी शाळेच्या मैदानावर अवश्य करावा. साहित्य एक रुमाल, खडू आणि मोठा कोनमापक.

एका विद्यार्थ्याचे डोळे बांधा. त्याचा हात धरून त्याला सरळ दहा पावले चालवा, उजवीकडे काटकोनात वळवा आणि पुन्हा दहा पावले चालवा. आता त्याला म्हणा, "जिथून निघालास त्या जागेकडे तोंड कर." बरोबर उत्तरासाठी त्याला उजवीकडे आणखी १३५ अंशांतून वळावे लागेल. बहुतेक विद्यार्थी थोड्याफार चुकीने हे करतात. दुसऱ्या विद्यार्थ्याला मात्र जागेवरच उभे करा, डोळे मिटायला सांगा आणि तोच प्रवास नुसता कल्पनेने करायला लावा. मग म्हणा, "तू आता दुसऱ्या टोकाला पोहोचला आहेस. सुरुवातीच्या जागेकडे तोंड करण्यासाठी जेवढे वळावे लागेल तेवढे वळ." हा विद्यार्थी बहुधा २२५ अंशांच्या आसपास वळेल. चूक किती? नव्वद अंश, म्हणजे जे वळण त्याच्या शरीराने घेतलेच नाही, नेमके तेवढेच!

रोबर्टा क्लॅट्झ्की आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये असा प्रयोग प्रयोगशाळेत केला. त्यातली आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की ज्यांना हा प्रवास चष्म्यातील दृश्यांतून डोळ्यांना दाखवला, पण शरीर वळू दिले नाही, त्यांचीही तशीच चूक झाली. शरीराने खरे वळण घेतले की चूक नाहीशी झाली. आपल्या कानाच्या आतील अर्धवर्तुळाकार नलिका आणि स्नायूंकडून येणारे संदेश मेंदूला वळणाची बातमी देतात. डोळ्यांची एकट्याची साक्ष मेंदूला पुरेशी वाटत नाही.

येथे चष्मेवाले म्हणतील, "आमच्या चष्म्यात माणूस खरोखर मान आणि अंग वळवतो." हे बरोबर आहे आणि त्याने वळणाचा प्रश्न बराचसा सुटतो. पण चालण्याचा प्रश्न उरतो. २००६ मध्ये रडल आणि लेसल्स यांनी आभासी खोलीत वस्तू शोधण्याचा प्रयोग केला. नुसते पडद्याकडे पाहणारे आणि फक्त अंग वळवू शकणारे लोक शोधून झालेल्या जागाच पुन्हा पुन्हा शोधत राहिले. जे खरोखर पायांनी चालले त्यांचे काम जवळजवळ खऱ्या जगासारखे झाले. विशेष म्हणजे, दृश्य साधे की हुबेहूब, याने फारसा फरक पडला नाही. फरक पाडला तो पायांनी.

आता गंमत पाहा. आपला विषय आहे 'मोठी' इमारत. जी इमारत एवढी लहान आहे की तिची नक्कल एका खोलीत चालून पाहता येईल, तिथे वाट चुकण्याचा प्रश्नच नाही. आणि जिथे वाट चुकते ती दोनशे मीटर लांबीची इमारत चष्मा लावून चालायची तर दोनशे मीटर मोकळी जागा हवी! म्हणून मग हातातील बटण दाबून पुढे सरकायचे किंवा एका जागेवरून दुसरीकडे उडी मारायची, असा मार्ग काढला जातो. म्हणजे या साधनाची दुबळी बाजू नेमकी तिथेच उघडी पडते, जिथे त्याची गरज सांगितली जाते.

प्रयोगांची साक्ष

बाजू दोन्हीकडून पाहिली पाहिजे. १९९६ मध्ये अमेरिकी लष्करासाठी काम करणाऱ्या विटमर आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या कार्यालयीन इमारतीतील गुंतागुंतीची वाट तीन गटांना शिकवली. एका गटाने खऱ्या इमारतीत सराव केला, दुसऱ्याने आभासी इमारतीत, तिसऱ्याने वाटेचे वर्णन तोंडाने घोकून. मग सर्वांना खऱ्या इमारतीत सोडले. निकाल असा : खऱ्या इमारतीत शिकलेले पहिले, आभासीवाले दुसरे, घोकणारे तिसरे. म्हणजे आभासी सराव निरुपयोगी नाही. पण तो खऱ्याची जागा घेत नाही.

पुढच्याच वर्षी ब्लिस, टिडवेल आणि गेस्ट यांनी अग्निशामक दलाच्या जवानांवर प्रयोग केला. अनोळखी इमारतीत शिरून एका 'बाळा'ची सुटका करायची होती. काहींनी आभासी इमारतीत सराव केला होता, काहींनी कागदावरचा आराखडा अभ्यासला होता, काहींनी काहीच केले नव्हते. तयारी न करणारे मागे पडले, हे अपेक्षितच. पण आभासी सराव आणि कागदी आराखडा यांच्यात मात्र फरक आढळला नाही! विज्ञानात तुलना कशाशी केली हे फार महत्त्वाचे असते. 'काहीच नाही' याच्याशी तुलना केली तर महागडे यंत्र विजयी दिसते. त्याच शर्यतीत एक कागद उभा केला की चित्र बदलते. अशा साधनाच्या जाहिरातीत आपण पहिला प्रश्न हाच विचारावा : तुलना कशाशी?

उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. १९९८ मध्ये वॉलर, हंट आणि नॅप यांनी दाखवले, की थोडा वेळ दिलेला आभासी सराव नकाशापेक्षा सरस नसतो. परंतु भरपूर वेळ दिला तर तो खऱ्या जागेतील सरावालाही मागे टाकू शकतो. हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, कारण प्रश्न यंत्र चांगले की वाईट असा राहत नाही. कोणाकडे किती वेळ आहे, असा तो होतो. ज्याला एका इमारतीत वर्षानुवर्षे काम करायचे आहे किंवा आगीत शिरायचे आहे, त्याने तासन्‌तास सराव करावा, हे योग्यच. पण छातीत दुखते म्हणून आलेला रुग्ण किंवा अर्ध्या तासात विमान पकडणारा प्रवासी तासभर चष्मा लावून बसेल काय?

हे प्रयोग जुन्या यंत्रांवरचे आहेत, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. त्या काळची दृश्ये ओबडधोबड होती आणि आजचे चष्मे कितीतरी सुधारले आहेत. तरी एक दोष पुरता गेलेला नाही. चष्म्यातून पाहताना माणसाला अंतरे आहेत त्यापेक्षा कमी वाटतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक प्रयोगांची सरासरी काढली, तेव्हा लोकांचा अंदाज खऱ्या अंतराच्या सुमारे ७४ टक्के भरला. नव्या चष्म्यांत ही तूट घटली आहे, पण संपलेली नाही. शंभर मीटरचा बोळ पाऊणशे मीटरचा वाटला, तर 'जिना यायला हवा होता, आला कसा नाही?' अशी शंका येऊन माणूस मध्येच मागे फिरणार.

मेंदूच्या पातळीवरही एक सूचक निरीक्षण आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मयंक मेहता यांच्या प्रयोगशाळेत उंदरांना आभासी खोलीत 'फिरवण्यात' आले. खऱ्या खोलीत जागृत असणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधील पेशींपैकी सुमारे ६० टक्के पेशी आभासी खोलीत गप्प झाल्या, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नमूद आहे. उंदरावरून माणसाबद्दल घाईने निष्कर्ष काढू नये. तरीही दोन्ही अनुभव मेंदूला एकसारखे असतात, असे गृहीत धरणाऱ्याने थोडे थांबावे एवढे यातून नक्कीच निघते.

व्यवहाराच्या अडचणी

प्रयोगशाळेबाहेर आणखी प्रश्न उभे राहतात. डोळे सांगतात 'आपण चाललो आहोत', कान सांगतात 'आपण स्थिर आहोत'. या विसंगतीमुळे अनेकांना मळमळते. घाटात बस लागते त्याचेच हे उलटे रूप म्हणता येईल. आधीच आजारी असलेल्या माणसाला हा ताप कशाला? एकच चष्मा दिवसभरात शेकडो चेहऱ्यांवर चढणार, तो प्रत्येक वेळी स्वच्छ कोण करणार? आणि इमारत बदलते. क्ष-किरण विभाग दुसऱ्या मजल्यावर जातो, दुरुस्तीसाठी जिना बंद होतो. भिंतीवरचा कागद पाच मिनिटांत बदलता येतो. आभासी इमारत बदलायला तंत्रज्ञ आणि पैसा लागतो. ती जुनी राहिली, तर माणसाला आत्मविश्वासाने चुकीच्या जागी पाठवील.

मोबाइलच्या पडद्यावर खऱ्या दृश्यावर बाण दाखवणे ही याचीच चुलत बहीण. उपग्रहांचे क्षीण संदेश छपराखाली नीट पोहोचत नाहीत, म्हणून लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर २०१७ मध्ये सुमारे दोन हजार छोटे रेडिओ-दीप बसवण्यात आले. ही सोय घाईतल्या प्रवाशाला उपयोगी आहे, कारण तिच्यासाठी आधी सराव करावा लागत नाही. पण बाणामागे चालणाऱ्याच्या डोक्यात नकाशा तयार होतो का? २००८ मध्ये जपानमध्ये इशिकावा आणि सहकाऱ्यांनी रस्त्यांवर केलेल्या प्रयोगात उपग्रहाच्या साहाय्याने चालणाऱ्यांच्या चुका जास्त झाल्या आणि जागेचे आकलन कच्चे राहिले.

जिथे हे साधन शोभते

इतके सगळे वाचून हे साधन टाकाऊ आहे, असा समज होऊ नये. मला त्याची दोन कामे खरोखर मोलाची वाटतात.

पहिले अंध व्यक्तींसाठीचे. मेराबे, सांचेझ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका अंधांच्या प्रशिक्षण केंद्राची इमारत नुसत्या आवाजांतून उभी केली. कळफलकाची बटणे दाबत पुढे जायचे, दार आले की टकटक ऐकू येते. एका गटाला वाटा शिकवल्या. दुसऱ्याला खेळ दिला : रत्ने शोधायची आणि राक्षसांपासून वाचवत बाहेर न्यायची. खऱ्या इमारतीत दोन्ही गटांना वाटा सापडल्या. पण अचानक एखाद्या खोलीत सोडून 'सर्वांत जवळच्या वाटेने बाहेर पडा' म्हटल्यावर खेळणारे सरस ठरले. पाठ करून घेतलेली वाट आणि स्वतः हिंडून उमगलेली जागा यांतला हा फरक शिक्षकांना वेगळा सांगायला नको. डोळस माणसाला खऱ्या इमारतीत हिंडून जे सहज मिळते, ते ज्याला मिळत नाही त्याच्यासाठी हे साधन आहे. इथे त्याला पर्याय सोपा नाही, म्हणून त्याची किंमत सार्थ आहे.

दुसरे काम इमारत बांधण्याच्या आधीचे. १९८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या गटाने आपल्याच संगणक विभागाच्या सिटरसन हॉल या नियोजित इमारतीची संगणकात प्रतिमा केली आणि तिच्यात 'फेरफटका' मारला. दर्शनी दालन अंगावर येते, असे तिथे बसणार असलेल्या लोकांना जाणवले. वास्तुकारांना ते दाखवून एक भिंत हलवून घेण्यात आली. भिंत कागदावर असताना हलवणे स्वस्त असते!

दोष कोणाचा?

माझ्या टीकेचा मुख्य मुद्दा इथेच आहे. माणसे वाट चुकतात तेव्हा बहुतेक वेळा माणसांना शिकवण्याच्या गोष्टी होतात, इमारतीला प्रश्न विचारला जात नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराचे मध्यवर्ती ग्रंथालय २००४ मध्ये उघडले. वास्तुकार रेम कोल्हास यांच्या या इमारतीचे जगभर कौतुक झाले. पण वाचक तिथे हरवतात, म्हणून ती संशोधकांच्याही अभ्यासाचा विषय झाली. एक कारण साधे आहे : वर नेणारे सरकते जिने आहेत, पण त्यांच्या जोडीचे खाली आणणारे जिने सगळीकडे नाहीत. गेलो त्या वाटेने परत येता येत नाही. अशा इमारतीची आभासी प्रत केली, तर ती प्रतही तितकीच गोंधळात टाकणार!

चुकण्याची किंमतही कुणीतरी मोजतच असतो. क्रेग झिमरिंग यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील ६०४ खाटांच्या एका रुग्णालयाचा हिशेब मांडला. ज्यांचे ते कामच नाही अशा कर्मचाऱ्यांचे वर्षाकाठी ४५०० तासांहून अधिक वाट सांगण्यात जात होते आणि एकूण खर्च दोन लाख वीस हजार डॉलरांच्या वर होता. आपल्याकडे हा हिशेब मावशी, वॉर्डबॉय आणि पहारेकरी यांच्या वेळेतून चुकता होतो. तो कुणाच्या वहीत चढत नाही, एवढेच.

शहर मनात कसे उमटते याचा अभ्यास केव्हिन लिंच यांनी १९६० मध्येच मांडला होता. ठळक खुणा, स्पष्ट वाटा, वेगळे ओळखू येणारे भाग. तीच सूत्रे इमारतीला लागू पडतात. प्रत्येक मजल्याला वेगळा रंग आणि वेगळे चित्र, प्रत्येक वळणावर (वळण उलटल्यावर नव्हे!) फलक, जमिनीवर रंगीत पट्टे, पाहणाऱ्याच्या समोरची दिशा वर येईल असा भिंतीवरचा नकाशा, खिडकीतून बाहेरचे झाड दिसण्याची सोय आणि दाराशी माहिती सांगणारा एक माणूस. वडिलांना हवा होता तो मैलाचा दगड यापेक्षा वेगळा नव्हता.

शेवटी एक सुचवावेसे वाटते. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना स्मरणाने शाळेचा नकाशा काढायला सांगा. मग त्यातला उत्तम नकाशा शाळेत कधीच न आलेल्या एखाद्या पालकाच्या हाती द्या आणि प्रयोगशाळा शोधायला सांगा. दुसऱ्या पालकाला काहीच देऊ नका. तिसऱ्यासाठी मुलांनीच वळणावळणावर फलक लावावेत. तिघे कुठे थांबतात, कुठे मागे फिरतात, कुणाला विचारतात याची नोंद घ्या. एकेका पालकावरून निष्कर्ष निघणार नाही, म्हणून पालकसभेच्या दिवशी हे पाच-सहा वेळा करा. मुलांच्या लक्षात येईल, की पालक जिथे अडतात ती जागा बहुतेक वेळा तीच असते. त्या जागेवर काय बदलावे हे मुलांनाच ठरवू द्या, आणि तो बदल मुख्याध्यापकांकडून करून घ्या.